लीडरशिप शिकवलीत, आता वापरू पण द्या

संपादक महोदय,
रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी शिफ्ट सुपरवायझर आहे. मागच्या महिन्यात लीडरशिपचं ट्रेनिंग झालं, त्यात मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांचा १९३९ चा शाळकरी मुलांवरचा प्रयोग शिकवला, हुकूम सोडणारा लीडर खोलीबाहेर गेला की मुलं काम टाकायची आणि सगळ्यांना विचारून ठरवणारा गेला तरी बऱ्यापैकी चालू ठेवायची, अगदी पटलं कारण साहेब राउंड मारून गेले की आमच्या लाइनवर हेच होतं. पण सोमवारी मी पॅकिंगच्या पोरांना म्हटलं ड्युटीचा चार्ट तुम्हीच बसवा, तर लगेच वरून फोन, "हे तुला कोणी सांगितलं?" खूप वाईट वाटलं. आधी साहेबांनाच त्या ट्रेनिंगला बसवा, आणि नंतर निदान सहा महिने आम्हाला करून बघू द्या, चुकलो तर सांगा.

– एक वाचक, घणसोली