ऑपरेशनआधी कान तपासून देणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट ताईंना

प्रिय ताई,

चक्कर थांबली की पेशंट सर्जनचे आभार मानतो. पण कुठल्या कानाचं ऑपरेशन, कुठलं, आणि मुळात करायचं का, हे तुमच्या रिपोर्टवर ठरतं. म्हणून आम्हा सर्जन मंडळींकडून तुम्हाला हे जाहीर आभार.

मेनिएरमध्ये, म्हणजे आतल्या कानाच्या ज्या आजारात चक्करीचे झटके येतात आणि ऐकणं कमी होतं त्यात, औषधं, इंजेक्शनं थकली की मोठे मार्ग दोन उरतात. लॅबिरिंथेक्टॉमीत आतल्या कानाचा तोलाचा भाग काढतात. गरगरणं बहुतेकांचं थांबतं, पण त्या कानाचं ऐकणं कायमचं जातं. ऐकणं वाचवायचं तर तोलाची नस कापावी लागते. त्यासाठी कवटी उघडायची, आणि मेंदूभोवतीचं पाणी झिरपण्याचा, चेहऱ्याच्या नसेला इजा होण्याचा धोका पत्करायचा. सरासरी ५० डेसिबलच्या आत ऐकू येतं का, निम्मे तरी शब्द ओळखता येतात का, हे तुम्ही मोजता तेव्हाच आम्हाला निवड करता येते.

त्याहून मोलाचं काम म्हणजे दुसऱ्या कानाची खात्री. तोही कमजोर असताना हा कान निकामी केला, तर चालताना समोरचं जग हलत राहतं आणि अंधारात पाय ठरत नाहीत. ते परत दुरुस्त करता येत नाही. म्हणून कॅलरिक टेस्टमधली (कानात गार-गरम पाणी सोडून प्रत्येक कानाचा तोल तपासणं) तुमची चिकाटी आम्हाला फार महत्त्वाची वाटते: चक्करीच्या गोळ्या ४८ तास आधी बंद, आधी मळ साफ, पडद्याला भोक नाही ना याची खात्री, डोकं ३० अंश वर, पाणी बरोबर ३० आणि ४४ अंश सेल्सिअस, आणि दोन वेळांमध्ये पाच मिनिटं थांबणं. मळ राहिला तर चांगला कानही कमजोर दिसतो.

आणखी एक. हाडातून ऐकण्याची तपासणी तुम्ही शून्यावर थांबवत नाही, उणे दहा डेसिबलपर्यंत नेता. आतल्या कानातल्या तोलाच्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरच्या हाडाला भोक पडलं असेल, तर ते तिथेच कळतं. मोठ्या आवाजाने किंवा खोकल्याने गरगरणाऱ्या अशा पेशंटचा आलेख ओटोस्क्लेरोसिससारखा (स्टेपीज हे मधल्या कानातलं छोटं हाड घट्ट बसण्याचा आजार) दिसतो, आणि नको ते स्टेपीजचं ऑपरेशन होऊन बसतं. स्टेपीजचे रिफ्लेक्स (मोठ्या आवाजाला त्याचा स्नायू आखडणं) शाबूत आहेत, व्हेम्पचा (आवाजाला तोलाचा अवयव देतो तो प्रतिसाद मोजणारी तपासणी) उंबरठा खाली आहे, हे तुम्ही कळवलंत की आम्ही आधी सीटी स्कॅन मागवतो.

मनापासून आभार, ताई. मेनिएरच्या चक्करीसाठी कानात देतात त्या जेंटामायसिनच्या प्रत्येक इंजेक्शनआधीचा ऑडिओग्रामही असाच देत राहा. ऐकणं घसरू लागलं की पुढचा डोस आम्ही थांबवतो.

तुमचे,
कान-नाक-घसा सर्जन