काका, त्या "पाणी कुठाय?" बद्दल थँक्यू

काका नमस्कार,

समोर येऊन थँक्यू म्हटलं असतं तर "बस की रे, चहा घे" म्हणून तुम्ही विषय उडवला असता, म्हणून लिहायलोय, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहायलोय कारण आमचा पालखेडच्या लढाईचा खेळ खेळलेल्या प्रत्येकाला वाटतंय की डोकं माझं आहे.

गेल्या दिवाळीत वडगावात पोरांचे किल्ले बघत फिरताना डोक्यात किडा शिरला की आपण पण लढाईचा एक खेळ करायचा. साडीच्या बॉक्सचा पुठ्ठा, त्यावर पोळ्यासारखी षटकोनी घरं (आधी चौकोन काढलेले, पण तिरकं गेलं की तेवढ्याच चालीत जवळजवळ दीडपट लांब जाता येतंय हे भाच्यानं पहिल्याच दिवशी पकडलं), आणि शर्टाची बटणं म्हणजे सैन्य. काळी निजामाची, पांढरी बाजीरावाची. तोफा माझ्या लाडक्या, त्यांचे नियमच दीड पान.

आणि प्रत्येक डावात बाजीराव हरायचा! महिनाभर आम्ही चौघं घोड्यांची ताकद वाढवतोय, तोफांची कमी करतोय, काही केल्या बसेना. एकदा तर घोडा एवढा भारी झाला की एकट्या स्वारानं आख्खा तोफखाना गिळला.

अशात तुम्ही काकूंनी दिलेला चकलीचा डबा घेऊन आलात. मी नियम समजावायला तोंड उघडलं तर म्हणालात, "तू गप बस, कागद दे, वाचून खेळतो." तो अर्धा तास मी विसरणार नाही. मला वाटायचं सगळं सरळ लिहिलंय, पण तुमचं बोट मध्येच थांबायचं आणि माझ्याकडं न बघता तुम्ही पेन्सिलीनं बारीक गोल करायचा. अकरा गोल झाले, त्यातले दोन एकाच वाक्यावर. फाशाला तर सरळ म्हणालात, "हे लुडो झालं की रे, सहा पडला की राजा." म्हणून आता दोन फासे आहेत, ३६ पैकी ६ जोड्यांची बेरीज सात होते आणि बारा फक्त एकाचीच, म्हणजे नशीब आहे पण उठसूट उड्या मारत नाही.

मग निजामाकडून खेळताना तुम्ही थांबलात, काळ्या बटणांवरून हात फिरवलात आणि विचारलंत, "ही एवढी माणसं, बैलं, घोडी. ह्यांचं पाणी कुठाय?"

मी म्हटलं काका, लढाईचा खेळ आहे हा.

"मग? २२ वर्षं पलटणीच्या लंगरात कढई ढवळली मी, ती काय होती?"

तेव्हा हसलो, पण रात्री झोप लागेना. १७२८ ला झालं काय होतं? बाजीराव तोफांच्या तोंडी गेलाच नाही. औरंगाबादकडं वळून त्यानं निजामाला पुणं सोडायला लावलं, पालखेडला कोंडलं, दाणापाणी तोडलं, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह. हे मी झोपेत पण सांगतो, आणि माझ्या खेळात पाण्याचा थेंब नव्हता!

आता प्रत्येक चालीला प्रत्येक बटणामागं एक चिंचोका द्यावा लागतो, तोफेला बैल असतात म्हणून दोन. नदीवर नाहीतर गावात असलात तर चिंचोके भरून मिळतात, संपले की चाल अर्धी. तोफांचं दीड पान अर्ध्यावर आणलं, दुखलं जरा. पुढच्या रविवारी निजाम झालेल्या मित्रानं चिंचोके मोजले, परत मोजले, आणि एकही फासा न टाकता तह मागितला.

अजून एक. प्रशियाच्या रायस्वित्झ नावाच्या ऑफिसरनं १८२४ ला (आपल्या कित्तूरची लढाई पण त्याच वर्षीची) लढाईचा खेळ काढला, त्यात एक पंच असतो आणि शत्रू दिसण्याजोगा असेल तरच तो दाखवतो. ते वाचून आम्ही दोन खोल्यांत दोन पट मांडले आणि तुम्हाला पंच केलं. गुडघा धरून, चिठ्ठ्या घेऊन तुम्ही तीन तास इकडून तिकडं फिरलात, आणि कुणाचं घोडं कुठाय हे चेहऱ्यावर पण येऊ दिलं नाहीत. पुढच्या वेळी खुर्ची मधल्या दारात ठेवतो, चिठ्ठ्या आम्हीच आणून देऊ.

डब्याचं तेवढं काकूंना तुम्हीच सांगा. त्यात चिंचोके आहेत, नवा आणून देतो.