भूलतज्ज्ञ मॅडमना, रत्नागिरीहून

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. घर चाकरमान्यांनी भरलेलं, मोदकांची उकड चुलीवर, आणि तरी तुम्ही आम्हा आयसीयूतल्या सिस्टरना कोविडवरचे जुने संशोधनाचे पेपर वाचायला ओटीवर बसवलंत. व्हॉट्सअॅपवर हात जोडून हे फिटणारं नाही, म्हणून जाहीर लिहितेय.

२०२० मध्ये जो तो पेशंटला पालथं, म्हणजे पोटावर, झोपवत होता. तेव्हाचे बरेचसे अभ्यास लहान, तुलनेला दुसरा गटच नाही. पालथं केलं, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) चढलं, लिहिलं, छापलं. तुमचा प्रत्येक पेपरला एकच प्रश्न: "आकडा चढला, पण माणूस वाचला का?"

मग तुम्ही मागे नेलंत. २००१ चा इटलीतला अभ्यास, ३०४ पेशंट, दिवसातून काही तासच पालथे: ऑक्सिजन सुधारला, मृत्यू काही कमी झाले नाहीत. आणि २०१३ चा फ्रान्समधला प्रोसेव्हा नावाचा अभ्यास: व्हेंटिलेटरवरचे ४६६ गंभीर पेशंट, एका वेळी किमान १६ तास पालथे. २८ दिवसांत पाठीवरच्या गटातले ३२.८ टक्के गेले, पालथ्यांतले १६. म्हणजे भक्कम पुरावा कोविडच्या आधीच हातात होता! घाईतल्या पेपरांनी त्यात भर घातली ती थोडीच. जागे, स्वतः श्वास घेणारे पेशंट ही वेगळीच गोष्ट. २०२१ च्या सहा देशांतल्या अभ्यासात त्यांना श्वासनलिकेत ट्यूब टाकायची वेळ कमी आली, पण मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. आपण दोन्हींना एकाच नावाने हाक मारत होतो.

मला सगळ्यात कामाचं वाटलं ते पुढचं. प्रोसेव्हाचेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा ऑक्सिजन किती सुधारला यावरून कोण जगेल ते कळत नव्हतं. पालथं केल्यावर हृदयाचं ओझं फुफ्फुसावरून हटतं, पाठीकडचा भाग उघडतो, हवा सगळीकडे सारखी जाते आणि फुफ्फुसांना व्हेंटिलेटरच्या दाबाचा मार कमी बसतो. खरा फायदा बहुधा तिथे.

पेशंट वळवायचा म्हणजे पाच-सहा जणांचं काम, एक जण फक्त ट्यूब धरून. गाला-हनुवटीवर जखमा होतात त्या वेगळ्याच. एवढं करून मॉनिटर ढिम्म राहिला की "उगाच केलं, सरळ करूया" असं कोणीतरी म्हणतंच. आता आमची सर्वांत धाकटी सिस्टर म्हणते, "थांबा, सरांना विचारून मग." आणि सर तिचं ऐकतात.

दिवाळीनंतर पुन्हा बसूया. जागं असताना पालथं झोपवण्यावरचे पेपर राहिलेत.

तुमची,
आयसीयूतली एक सिस्टर