प्लास्टिक नाल्यातच अडवा

मा. संपादक,

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये क्लायमेट अ‍ॅक्शन प्लॅन आणला, २०५० पर्यंत नेट झिरो व्हायचं, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच परत शोषला जाईल असं करायचं ठरवलं, आणि मला ते मनापासून आवडलं कारण देशाचं टार्गेट २०७० चं आहे म्हणजे आपण २० वर्षं आधी. पण परवा सकाळी वर्सोव्याला ओहोटीच्या वेळी गेलो तर वाळूत दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, गुटख्याच्या पुड्या, आणि एका तुटक्या चपलेत खेकड्याचं पिल्लू बसलेलं, बघवेना हो. यातलं बरंचसं नाल्यातून वाहत येतं, आपणच टाकतो तेही आहेच. वर्सोवा, मालाडसकट ७ ठिकाणी सांडपाण्याचे नवे प्लांट होतायत ते वेळेत होऊ देत, पण प्लास्टिक आधी नाल्यातच अडवा आणि तिवरांना हात लावू नका, प्लीज.

– एक वाचक, अंधेरी