आणखी तीन वर्षं

बोझमन, मोंटाना

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आईचा आवाज ऐकला की मला हे बोलवलं नसतं, म्हणून लिहिते आहे. इथली नोकरी मी आणखी तीन वर्षांसाठी घेतली. सही झाली. डिसेंबरात मी येतेच आहे, पण महिनाभरासाठी. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख त्याच महिन्यातली घ्या, मी जवळ असेन.

“अस्वलं मोजायला तिथली माणसं नाहीत का?” असं आई विचारते. आहेत गं, पुष्कळ आहेत. पण ग्रिझली, म्हणजे इथल्या मोठ्या तपकिरी अस्वलाची मादी पहिल्यांदा वितेच मुळी पाच-सहा वर्षांची झाल्यावर. मग पिल्लांना दोन-अडीच वर्षं सोबत घेऊन फिरते, आणि त्यानंतर पुढचं वेत. एखाद्या वर्षी चार माद्या जास्त मेल्या तर त्याचा फटका आकड्यांत दिसायला फार काळ जातो. एक-दोन हंगाम बघून निघून गेलेल्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही.

बाबा, तुम्हाला कोर्टाची भाषा कळते, म्हणून सांगते. 1975 मध्ये अलास्का वगळता इथल्या ग्रिझलींना कायद्याचं संरक्षण मिळालं, तेव्हा यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात त्या दीडशेही नव्हत्या. आता हजाराच्या आसपास आहेत. 2007 मध्ये तिथलं संरक्षण काढलं, 2009 मध्ये कोर्टाने परत दिलं. 2017 मध्ये पुन्हा काढलं, 2018 मध्ये पुन्हा कोर्टाने दिलं. संख्या वाढली हे सगळेच मानतात. पण ज्या पाइनच्या बियांवर अस्वलं शरद ऋतूत पोसायची, ती झाडं भुंग्यांनी आणि बुरशीने मोठ्या प्रमाणात मेली, त्याचं काय? उत्तरेकडच्या अस्वलांशी यांचा संबंध तुटलेला आहे, मग नवं रक्त येणार कुठून? 2024 मध्ये दोन अस्वलं उत्तरेतून मुद्दाम आणून सोडावी लागली. मला वाटतं, नुसत्या हजाराच्या आकड्यावर समाधान मानणं घाईचं आहे. आणि ज्याचं वासरू अस्वलाने नेलं त्या पशुपालकाचा रागही मला खरा वाटतो. आपल्या गोठ्यातलं गेलं असतं तर तुम्हीही तेच बोलला असता. म्हणून तर मोजणी चोख हवी, दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी.

काळजी करू नका, मी अस्वल पकडत नाही. झाडांभोवती काटेरी तार बांधायची, मध्ये उग्र वासाचं काहीतरी ओतायचं आणि निघून यायचं. तारेत अडकलेले केस नंतर गोळा करतो आणि डीएनएवरून कोणतं अस्वल ते कळतं. बाबांच्या डोळ्यांसमोर ज्ञानगंगेच्या रानातलं अस्वल येत असणार, ठाऊक आहे मला. आम्ही एकटे कधीच जात नाही, बोलत-ओरडत चालतो आणि कमरेला मिरचीच्या अर्काचा फवारा असतो.

घर उबदार आहे. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी आता फुगते. आई, ताप आला की अजून तुझा मऊ भात आणि कपाळावरचा हातच आठवतो. इतकी मोठी झाले तरी आजारपणात मला तूच लागतेस. तुम्हाला सोडून इथे राहणं मला सोपं जात नाही, एवढं मनात ठेवा.

आता ऐका. आई, माळ्यावर चढायचं नाही, डबे दादाला काढायला सांग. गुडघ्याचे व्यायाम टीव्ही बघतानाही चालतात. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची आहे, पैसे पाठवले आहेत, ते दुसरीकडे खर्च करू नका. बाबा, लग्नाकार्यात गोड खाल्लं तर खाल्लं म्हणून सांगा, मी रागावणार नाही. पण साखर दर आठवड्याला तपासा, ऑपरेशनच्या आधी ती आटोक्यात हवी. आणि रिपोर्टचा फोटो पाठवत जा. “सगळं ठीक आहे” एवढंच लिहून पाठवलंत तर मी रात्री दोन वाजता फोन करेन.

तुमची,
ताई