मूळ पोथी जळाली, भाषांतरे उरली

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

30 सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2017 मध्ये त्याला मान्यता दिली. त्या निमित्ताने मराठवाड्यातील सार्वजनिक वाचनालयांकडे एक लहानशी मागणी आपल्या पत्राद्वारे करू इच्छितो.

आमच्या तालुक्यातील एका वाचनालयात आठवीतली एक मुलगी रशियन कथांचे मराठी पुस्तक परत करायला आली होती. मी निवृत्त शिक्षक आहे हे ठाऊक असल्याने तिने मला विचारले, "सर, या लेखकाला इतकं चांगलं मराठी कुणी शिकवलं?" मला हसू आले, पण पुस्तक हातात घेतल्यावर ते ओसरले. बांधणीवाल्याने नवा पुठ्ठा चढवताना आतले नावाचे पान काढून टाकले होते, आणि दाखल नोंदवहीत पाहावे तर 'लेखक' या रकान्यात रशियन आडनाव, पुढे प्रकाशक, पाने व किंमत, एवढेच. ज्या व्यक्तीने ते पुस्तक मराठीत आणले, तिचे नाव त्या इमारतीत कोठेच नव्हते. ग्रंथपालांच्या परवानगीने नोंदवहीची आणखी काही पाने चाळली. भाषांतरित पुस्तकांच्या बहुतेक नोंदींची हीच गत होती.

हे अन्य कोठे घडले असते तर कदाचित पत्र लिहिले नसते. पण ज्या भूमीत पैठण आहे, तेथे तरी हे शोभत नाही. गुणाढ्य या कवीने पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' रचली, ती पैशाचीत आहे म्हणून प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाने नाकारली, आणि खिन्न झालेला गुणाढ्य रानात जाऊन एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकू लागला, अशी आख्यायिका आहे. ऐकता ऐकता प्राणी चरायचे विसरले, त्यांचे मांस सुकले, राजाच्या ताटापर्यंत ती तक्रार पोहोचली, आणि राजा धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी मूळ पैशाची ग्रंथ आज उपलब्ध नाही, ही वस्तुस्थिती उरतेच. त्यातल्या कथा आपल्याला माहीत आहेत त्या बुधस्वामी, क्षेमेंद्र आणि सोमदेव यांनी त्या संस्कृतात आणल्या म्हणून. अकराव्या शतकातल्या काश्मिरात सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला, टॉनी या इंग्रज पंडिताने 1880 ते 1884 या काळात त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि पुढे त्याचीच दहा खंडांची सटीप आवृत्ती निघाली. पैठणची गोष्ट काश्मीरमार्गे लंडनला पोहोचली ती एका भाषेतून दुसरीत नेणाऱ्यांच्या खांद्यावर बसून.

पंचतंत्राचा प्रवासही असाच आहे. सहाव्या शतकात ते इराणात तिथल्या पहलवी भाषेत गेले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत नेले, आणि 1678 साली फ्रान्समधल्या ला फाँतेनने आपल्या नीतिकथांच्या प्रस्तावनेत 'पिल्पे' नावाच्या भारतीय ज्ञानी पुरुषाचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच कवीला जे सुचले, ते आपल्या नोंदवहीला सुचू नये?

आमच्या उदगीर-देगलूरच्या पट्ट्यात तर भाषांतर ही रोजची गोष्ट आहे. आठवडी बाजारात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच पालाखाली बोलल्या जातात आणि आडत्याला चारही भाषा समजतात. पुस्तकांच्या कपाटात मात्र शेजारच्या कानडीतली कादंबरी दुर्मीळ असते, आणि जी असते तीही बहुधा एकाच व्यक्तीच्या श्रमाची. भैरप्पा मराठी वाचकांना घरचे वाटतात ते उमा कुलकर्णी यांनी थेट कन्नडमधून ते मराठीत आणल्यामुळे. 2025 चे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथासंग्रहाच्या इंग्रजी अनुवादाला मिळाले, तेव्हा पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादक दीपा भास्ती यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली. त्या वेळी आपल्याकडे अभिनंदनाचे संदेश पुष्कळ फिरले, पण या निम्म्या वाट्याविषयी फारसे कोणी बोलले नाही, आणि मला तर सगळ्या बातमीत तेच महत्त्वाचे वाटले.

छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयाचा उल्लेख केल्यावाचून हा विषय मराठवाड्यापुरताही पुरा होणार नाही. या महाविद्यालयातील म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेत शिकून आल्यावर तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख इकडे करून दिली, आणि गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाभोवती जमलेल्या दलित लेखकांना आपले दुःख जगात एकटे नाही हे त्यातून कळले. दूरच्या देशातला मजकूर आपल्या गावात नुसता वाचला जात नाही, त्यातून नवे लेखनही उगवते, याचा इतका जवळचा पुरावा दुसरीकडे शोधण्याची गरज नाही.

मागणी साधी आहे आणि तिला अनुदान लागत नाही. अ, ब, क, ड अशा कोणत्याही वर्गाच्या वाचनालयाने दाखल नोंदवहीत 'अनुवादक' आणि 'मूळ भाषा' असे दोन रकाने आखावेत. पुस्तक इंग्रजीवरून आणले असेल तर तसेही लिहावे, कारण रशियन कथा रशियनमधून आली की लंडनला वळसा घालून आली, हे वाचकाला कळायला हवे. बांधणीला पाठवण्याआधी नावाच्या पानाचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक मांडणी निव्वळ अनुवादित पुस्तकांची करावी.

आमच्या वाचनालयातील जुन्या नोंदी दुरुस्त करण्याचे काम मी स्वतःहून मागून घेतले आहे. आजवर छत्तीस पुस्तकांचे अनुवादक सापडले. त्या मुलीच्या पुस्तकाचा अजून सापडलेला नाही. त्याची दुसरी प्रत, नावाच्या पानासकट, एखाद्या वाचकाकडे असण्याची शक्यता आहे म्हणूनही हे पत्र.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
उदगीर (जि. लातूर)