शोधाचा शब्द कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘गूगल हाताशी असताना लोकांना प्रश्न विचारत सुटणं हा विद्यार्थ्यांचा निव्वळ आळस आहे’, असं एका प्राध्यापक महोदयांचं पत्र आपल्या अंकात वाचलं. मी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात २८ वर्षं काढली. लोकांनी येऊन प्रश्न विचारावेत याचाच मला पगार मिळत होता, तेव्हा माझं म्हणणं थोडं एकतर्फी वाटलं तर समजून घ्यावं.

एक विद्यार्थिनी आठवते. क्षयरोगाच्या इतिहासावर प्रबंध लिहीत होती. टेबलाशी आली ती रडवेली होऊनच. ‘‘मॅडम, अठराव्या शतकातलं काहीच मिळत नाही हो!’’ शोधपेटीत काय टाकलंस, विचारलं. ‘ट्यूबरक्युलोसिस’. आता हा शब्द रूढ झाला फार पुढे. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं त्या रोगाचा जंतू दाखवला तोच मुळी १८८२ साली. त्याआधीचे इंग्रज डॉक्टर लिहीत ‘कन्झम्प्शन’, नाहीतर ‘थायसिस’. थायसिस म्हटल्याबरोबर तिनं ‘टी’चं बटण दाबलं. त्याचं स्पेलिंग सुरू होतं पी-एच-टी-एचनं, हे ऐकून कुणाला सुचणार? मी चिठ्ठीवर लिहून दिलं. खाली आयुर्वेदाच्या ग्रंथांसाठी ‘राजयक्ष्मा’ आणि ‘शोष’ हेही लिहिलं. मग आणखी एक गंमत सांगितली. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या मधला ‘एस’ लांब दांडीचा, थेट ‘एफ’सारखा दिसायचा. स्कॅन केलेली पानं वाचताना यंत्रही फसतं. म्हणून ‘कन्झम्प्शन’मधल्या ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालून बघ म्हटलं. संध्याकाळी तीच मुलगी परत आली, या वेळी तक्रार उलटी: ‘‘मॅडम, एवढं सगळं वाचू कधी?’’

यात मुलीचा आळस कुठे होता? ती आठवडाभर शोधत होती. तिच्याकडे शब्द नव्हता, आणि जो शब्द आपल्याला माहीतच नाही तो पेटीत टाकणार कसा? सर्च इंजिनं आता समानार्थी शब्द बरेच ओळखतात, हे मान्य. पण वैद्यकातले लेख शोधून देणाऱ्या पबमेड या डेटाबेसला ते जमतं त्यामागे माणसांनी बसून रचलेली ‘मेश’ ही शब्दसूची आहे. म्हणजे तिथेही कुणीतरी कुणाला तरी आधीच सांगून ठेवलेलं असतं.

आणि पडद्यावर दिसलं नाही म्हणजे जगात नाही, असं धरून चालण्याची किंमत मोठी असते. २००१ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयीच्या एका प्रयोगात हेक्झामेथोनियम हे रसायन श्वासावाटे घेतल्यावर २४ वर्षांची एक निरोगी स्वयंसेविका दगावली. संशोधकानं आधी पबमेड पाहिलं होतं. पण त्या वेळी पबमेड १९६६च्या मागे जात नव्हतं, आणि या औषधानं फुफ्फुसांना इजा होते हे सांगणारे लेख होते १९५०च्या दशकातले. ते छापील नियतकालिकांत पडून होते.

आता माझ्याच बाजूचं उणं. मी एका मुलाला एकदा फार ऐटीत, न बघता सांगितलं होतं, ‘‘तो लेख १९३६च्या खंडात आहे.’’ त्यानं दोन आठवडे धूळ खात खंड चाळले. लेख १९६३चा निघाला. यंत्रानं ही अदलाबदल केली नसती. शिवाय काही गोष्टी अशा असतात की विचारायला माणूसच नसतो. डॉन स्वॉन्सन या माहितीशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८६ साली रेनो विकारावरचे (यात थंडीनं बोटं पांढरी पडतात) आणि माशाच्या तेलावरचे लेख शेजारी ठेवले. दोन्हीकडे रक्ताच्या दाटपणाची चर्चा होती, पण एकमेकांचा उल्लेख जवळपास नव्हता. हे तेल त्या विकारावर उपयोगी पडेल, असा तर्क त्यांनी निव्वळ डेटाबेसमधल्या शोधावरून मांडला. रेनोवाल्या तज्ज्ञाला विचारून तेल कळलं नसतं आणि तेलवाल्याला विचारून रेनो.

‘सर, माझ्या विषयावरची सगळी माहिती पाठवा’ असे ई-मेल येतात, त्यावर मात्र प्राध्यापक महोदयांनी जरूर चिडावं. मीही चिडायचे. पण ‘गूगल कर’ म्हणून दार लावून घेण्याआधी एक विचारून बघावं. माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: ‘‘काय काय टाइप करून बघितलंस, वाचून दाखव.’’ काही जण दोन शब्द वाचत, मध्येच थांबत आणि ‘‘एक मिनिट हं मॅडम’’ म्हणून स्वतःच्या खुर्चीकडे परत जात.

आपली,
एक निवृत्त संदर्भ-ग्रंथपाल